फिरत्या हार्ड डिस्कमुळे अडखळणारे एम्युलेटर : निदान आणि उपाय

एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या गेमिंग यंत्राची नक्कल करून त्याचे खेळ संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रामवर, खेळ व्यवस्थित चालू असतो, फ्रेमचा आकडा साठाच्या आसपास स्थिर दिसतो, आणि तरीही एखादे दार उघडताना, नव्या भागात शिरताना किंवा एखाद्या पात्राचा आवाज प्रथमच ऐकू येण्याच्या क्षणी चित्र गोठते, ध्वनी तुटतो आणि पुढच्याच क्षणी सर्व काही पूर्ववत होते. असे झाले की बहुतेक जण ग्राफिक्सच्या सेटिंगकडे वळतात. रेझोल्यूशन कमी करतात, चित्र काढण्याची पद्धत (रेंडरर) बदलतात, ड्रायव्हर पुन्हा बसवतात. खेळाच्या फाइली फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर असतील आणि अडथळा तिथेच असेल, तर या खटाटोपातून काहीही साध्य होत नाही. मी स्वतः एका खेळासाठी दोन संध्याकाळी याच वाटेने घालवल्या आणि दोष अखेर वीस मिनिटांनी झोपी जाणाऱ्या डिस्कचा निघाला. म्हणून या लेखात उपायांइतकीच जागा निदानाला दिली आहे. कारण नेमके कळले, तर उपाय बहुतेक वेळा पाच मिनिटांचा असतो.

मिलिसेकंदांचा हिशेब

सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या असतील, तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात. युरोपीय पाल पद्धतीच्या ५० फ्रेमच्या खेळांत हा अवधी २० मिलिसेकंद असतो. आता डिस्ककडे पाहू. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांत पूर्ण होतो, म्हणजे हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) येण्यासाठी सरासरी ४.१७ मिलिसेकंद थांबावे लागते. त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर सरकावे लागते आणि त्यात साधारण ८ ते १२ मिलिसेकंद जातात. दोन्ही मिळून एका विखुरलेल्या वाचनाला १२ ते १६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे जवळपास एक पूर्ण फ्रेम. लॅपटॉपमधील ५४०० फेऱ्यांच्या डिस्कवर नुसते फिरण्याची वाट पाहण्यातच सरासरी साडेपाच मिलिसेकंद जातात आणि एकूण वेळ सहज एका फ्रेमच्या पुढे जातो.

डिस्कच्या खोक्यावर छापलेला सेकंदाला १०० ते २०० एमबी हा वेग सलग वाचनाचा असतो. अडखळण्याशी त्याचा संबंध फार थोडा आहे. तीच डिस्क चार-चार केबीचे विखुरलेले तुकडे वाचायला लागली, की सेकंदाला जेमतेम ७० ते १०० वाचने करू शकते, म्हणजे हाती अर्धा एमबीसुद्धा पडत नाही. एखाद्या प्रसंगासाठी चार वेगवेगळ्या ठिकाणांहून माहिती हवी असेल, तर ५० ते ६० मिलिसेकंद गेले, म्हणजे तीन-चार फ्रेम गेल्या. आणि त्याच वेळी दुसरा एखादा प्रोग्राम डिस्क वापरत असेल, तर प्रत्येक वाचनाला रांगेत उभे राहावे लागते आणि थांबण्याचा काळ शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर जातो. डोळ्याला जाणवतो तो झटका इथून येतो.

मूळ यंत्राची तबकडी तर याहून संथ होती, मग अडचण का यावी?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तरात निम्मा उपाय दडलेला आहे. पहिल्या प्लेस्टेशनचा सीडी ड्राइव्ह दुप्पट वेगाचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३०० केबी वाचणारा होता. प्लेस्टेशन-२ चा डीव्हीडी ड्राइव्ह चौपट वेगाचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ५ एमबी वाचणारा होता, आणि प्लेस्टेशन-३ चा ब्लू-रे ड्राइव्ह सेकंदाला ९ एमबी. या सर्वांचे लेझर एका जागेहून दूरच्या दुसऱ्या जागी जायला शंभर मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक काळ घेत असे. त्या तुलनेत कोणतीही हार्ड डिस्क वेगवान आहे.

फरक वाट पाहण्याच्या पद्धतीत आहे. मूळ यंत्रात ड्राइव्ह शोधाशोध करत असताना मुख्य प्रोसेसर थांबत नसे. तो चित्र काढत राही, संगीत वाजवत राही आणि माहिती आली की ती उचलून घेई. चांगला एम्युलेटर हीच रचना जपतो. खेळाने वाचनाची मागणी करताच तो वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे मुख्य कामाच्या बाजूने चालणाऱ्या स्वतंत्र ओघात, खरे वाचन सुरू करतो, आणि मूळ ड्राइव्हला जितका वेळ लागला असता तितका वेळ खेळाच्या घड्याळात उलटल्यावरच माहिती खेळाच्या हवाली करतो. त्या अवधीत आपल्या डिस्कचे १५ मिलिसेकंद झाकले जातात. जो एम्युलेटर मुख्य थ्रेडवरच फाइल वाचतो, तो मात्र डिस्क उत्तर देईपर्यंत सगळेच्या सगळे आभासी यंत्र गोठवून ठेवतो. वेगळा थ्रेड असूनही ठरलेल्या वेळेपर्यंत माहिती हाती आली नाही, तर एम्युलेटरला थांबणे भागच असते, कारण खेळाचे घड्याळ पुढे सरकवले तर खेळ बिघडण्याची शक्यता असते.

यातून एक गोष्ट निघते, जी सहसा कोणी सांगत नाही. अनेक एम्युलेटरांत तबकडीचे वाचन वेगवान करणारी सेटिंग असतात : पीसीएसएक्स-२ मध्ये (प्लेस्टेशन-२ साठी) फास्ट सीडीव्हीडी, डॉल्फिनमध्ये (गेमक्यूब व वी साठी) स्पीड अप डिस्क ट्रान्सफर रेट, डकस्टेशनमध्ये (पहिल्या प्लेस्टेशनसाठी) रीड स्पीडअप आणि सीक स्पीडअप. लोडिंगचा पडदा लवकर संपावा म्हणून ही चालू केली जातात आणि वेगवान एसएसडीवर, म्हणजे फिरणारा भाग नसलेल्या डिस्कवर, ती उपयोगीही पडतात. पण त्यांचा अर्थ असा, की मूळ ड्राइव्हने घेतला असता तो वेळ आता दिला जाणार नाही, आणि तोच वेळ हार्ड डिस्कचा उशीर झाकत होता. म्हणून पुढचे काहीही करण्याआधी ही सेटिंग बंद करून खेळ पुन्हा चालवून पाहावा. कित्येकदा प्रश्न तिथेच संपतो.

निदान : दोष खरोखर डिस्कचाच आहे का?

प्रथम खेळाचा प्रकार पाहावा. काडतुसावर येणारे खेळ, म्हणजे सुपर निन्टेंडो, मेगा ड्राइव्ह, गेम बॉय ॲडव्हान्स किंवा निन्टेंडो ६४ यांचे खेळ, सुरू होतानाच संपूर्णपणे रॅममध्ये घेतले जातात; गेम बॉय ॲडव्हान्सचे सर्वसाधारण काडतूस जास्तीत जास्त ३२ एमबीचे आणि निन्टेंडो ६४ चे ६४ एमबीचे असते. असा खेळ अडखळत असेल, तर खेळाच्या फाइलीला दोष देता येत नाही. त्या वेळी डिस्कवर दुसरे काय चालले आहे तेच पाहावे लागते. संशय घ्यायचा तो सीडी-डीव्हीडीसारख्या तबकडीवरच्या खेळांचा, आणि त्यातही जे खेळ चालता चालता सतत माहिती ओढत राहतात त्यांचा. प्लेस्टेशन-२ वरील ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियासमध्ये गाडी जोरात पळवताना समोरचा प्रदेश तबकडीवरून येत राहतो, गेमक्यूबवरील मेट्रॉइड प्राइममध्ये पुढची खोली वाचून होईपर्यंत दार उघडत नाही. अशी ठिकाणे तपासणीसाठी उत्तम.

यानंतरचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण डिस्कमुळे येणारा झटका आणि शेडर, म्हणजे ग्राफिक्स कार्डासाठीचा चित्र रंगवणारा छोटा प्रोग्राम, तयार होताना येणारा झटका हे दोन्ही वरवर पाहता अगदी सारखे दिसतात. दोन्ही एखादी गोष्ट प्रथमच समोर आल्यावर येतात आणि दुसऱ्यांदा तिथे गेल्यावर येत नाहीत. शेडर एकदा तयार झाला की साठवला जातो. फाइल एकदा वाचली गेली की ऑपरेटिंग सिस्टम तिची प्रत मोकळ्या रॅममध्ये ठेवते. पण शेडरचा साठा डिस्कवर लिहिला जातो आणि संगणक बंद केला तरी टिकतो. रॅममधली प्रत संगणक पुन्हा सुरू करताच नाहीशी होते. चाचणी याच फरकावर उभी आहे.

खेळ अशा ठिकाणी जतन करावा, की जिथून पुढे गेल्यावर झटका हमखास येतो. तिथून एकदा पुढे जावे आणि झटका आल्याची खात्री करावी. मग जतन केलेल्या जागेवर परत येऊन तोच रस्ता पुन्हा चालावा. आता झटका येऊ नये. त्यानंतर संगणक शटडाउन न करता रीस्टार्ट करावा, एम्युलेटर उघडावा आणि तिसऱ्यांदा त्याच रस्त्याने जावे. झटका परत आला, तर दोष डिस्कच्या वाचनाचा आहे. आला नाही, तर तो शेडरचा होता आणि त्याचा उपाय या लेखाबाहेरचा आहे. डॉल्फिनमध्ये उबरशेडर ही सोय त्यासाठीच आहे. दरम्यान ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत झाला, तर शेडरचा साठा रद्द होऊन निष्कर्ष चुकू शकतो, एवढे भान ठेवावे. विंडोजवर रॅममॅप या मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनाने स्टँडबाय लिस्ट, म्हणजे रॅममधील अशा प्रतींची यादी, रिकामी केली, तर रीस्टार्ट न करताही हीच चाचणी करता येते.

रीस्टार्टनंतर लगेच खेळ सुरू करू नये. पहिली पाच-दहा मिनिटे ऑपरेटिंग सिस्टम स्वतःच डिस्कवर बरेच काम करत असते, आणि त्या काळात घेतलेली चाचणी तुमच्या खेळाबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरी, उलट दिशेने जाणारी चाचणीही करावी. तीच खेळाची फाइल दुसऱ्या माध्यमावर, म्हणजे एसएसडीवर किंवा चांगल्या प्रतीच्या पेन ड्राइव्हवर टाकून तिथून चालवावी. पेन ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग कमी असला, तरी त्यात फिरणारा भाग नसल्याने विखुरलेल्या वाचनात तो हार्ड डिस्कपेक्षा सहसा सरस ठरतो. तेथून खेळ सुरळीत चालला, तर शंकेला जागा उरत नाही.

याशिवाय आकडे डोळ्यांनी पाहणे केव्हाही चांगले. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स विभागात डिस्कचा ॲक्टिव्ह टाइम आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम दिसतो. झटक्याच्या क्षणी ॲक्टिव्ह टाइम शंभर टक्क्यांना भिडला आणि रिस्पॉन्स टाइम पन्नास मिलिसेकंदांच्या वर गेला, तर डिस्क गुदमरली आहे असे समजावे, मग वाचनाचा वेग केवळ दोन एमबी दिसत असला तरी. कोण गुदमरवते आहे हे रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क विभागात कळते. तिथे प्रत्येक प्रोग्राम नेमकी कोणती फाइल वाचतो आहे ते नावासह दिसते. लिनक्सवर आयओस्टॅट आणि आयओटॉप ही दोन साधने मिळून हेच काम करतात. एम्युलेटरमध्ये फ्रेम टाइमचा आलेख दाखवण्याची सोय असेल, तर ती चालू ठेवावी. फ्रेमची सरासरी बहुतेक वेळा ५९ किंवा ६० च राहते आणि झटका लपवते. आलेखात मात्र तो सुळक्यासारखा उभा राहतो.

झटक्याची लांबी काय सांगते

अर्ध्या सेकंदाहून लहान झटके सामान्य वाचनाचे किंवा रांगेचे असतात. पाच ते दहा सेकंदांची पूर्ण शांतता, डिस्क वेग घेत असल्याचा चढता आवाज आणि मग खेळ जणू काही झालेच नाही असा पुढे सुरू, हे झोपलेल्या डिस्कचे लक्षण आहे. दोन-तीन सेकंदांचे, एकाच खेळात एकाच ठिकाणी, रीस्टार्टनंतर दर वेळी येणारे झटके आणि सोबत खरखर किंवा टकटक असा आवाज, हे आजारी डिस्कचे लक्षण आहे, आणि तिथे इतर सर्व बाजूला ठेवावे.

आजारी डिस्क

वाचता न येणारा सेक्टर, म्हणजे डिस्कवरील माहितीचा छोटा कप्पा, आला की डिस्क हार मानत नाही. ती तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि या प्रयत्नांत कित्येक सेकंद घालवते. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएल यांपैकी एका साधनाने डिस्कने स्वतःबद्दल नोंदवलेले स्मार्ट आकडे पाहावेत. त्यातील ०५ क्रमांक बदललेल्या सेक्टरांचा, सी५ हा संशयित सेक्टरांचा आणि सी६ हा न सुधारता येणाऱ्या सेक्टरांचा असतो. यांचे मूळ आकडे शून्य असणे अपेक्षित आहे. सी५ शून्याहून अधिक असेल, तर खेळाचा विचार सोडून प्रथम महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप घ्यावा, आणि तोपर्यंत डीफ्रॅगमेंटसारखे (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणण्यासारखे) डिस्कला राबवणारे कोणतेही काम सुरू करू नये. सी७ क्रमांक वाढत असेल, तर दोष बहुतेक डेटा केबलचा किंवा तिच्या जोडणीचा असतो. केबल बदलून तो आकडा वाढायचा थांबला की काम झाले. आधीचा आकडा मात्र तसाच राहतो, तो कमी होत नाही.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम विभागात ७, १२९ आणि १५३ या क्रमांकांच्या नोंदीही शोधाव्यात. ७ म्हणजे खराब ब्लॉक, १२९ म्हणजे डिस्कला नव्याने जागे करण्यासाठी दिलेला रीसेट आणि १५३ म्हणजे पुन्हा करावे लागलेले वाचन किंवा लेखन. या नोंदींची वेळ तुमच्या झटक्याच्या वेळेशी जुळली, तर कारण सापडले.

झोपणारी डिस्क

विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये ठराविक काळ वापर न झाल्यास हार्ड डिस्क बंद करण्याची सोय असते आणि विजेवर चालणाऱ्या संगणकात हा काळ सहसा २० मिनिटे ठेवलेला असतो. ऑपरेटिंग सिस्टम एसएसडीवर आणि खेळ दुसऱ्या हार्ड डिस्कवर असतील, तर या सोयीचा त्रास हमखास होतो, कारण खेळ एका भागात रमला की त्या डिस्कला हात लागतच नाही. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्स, त्यात निवडलेल्या प्लॅनची ॲडव्हान्स्ड सेटिंग, त्यात हार्ड डिस्क, आणि तिथला आकडा शून्य करावा. शून्य म्हणजे कधीही नाही. बाहेरून जोडलेल्या डिस्कसाठी त्याच यादीतील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करावे.

एवढे करूनही डिस्क झोपत असेल, तर तिचे स्वतःचे फर्मवेअर किंवा तिच्या डबीतील यूएसबीची चिप हे काम करत असते. लॅपटॉपसाठीच्या अडीच इंची डिस्क तर वीज वाचवण्यासाठी काही सेकंदांच्या विश्रांतीतच हेड बाजूला नेऊन ठेवतात, आणि तेव्हा येणारा हलका टक असा आवाज व त्यामागून येणारा लहानसा झटका हीच त्याची खूण. लिनक्सवर एचडीपार्मने डिस्कचा ॲडव्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंटचा स्तर २५४ केला किंवा २५५ देऊन ती सोयच बंद केली, तर बहुतेक डिस्क ऐकतात; विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फोच्या प्रगत सोयींमध्ये हेच करता येते. अनेक डिस्क वीज जाताच हे विसरतात, म्हणून प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना ते पुन्हा लागू होईल अशी व्यवस्था करावी लागते. यूएसबीची चिप हा आदेश पुढे जाऊच देत नसेल, तर दर मिनिटाला डिस्कवर एखादी छोटी फाइल लिहिणारी स्क्रिप्ट चालवावी. उपाय ओबडधोबड आहे, पण चालतो.

त्याच डिस्कवर हात मारणारे इतर

फिरत्या डिस्कला एक हेड-समूह असतो आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. त्यामुळे दुसरा वाचक आला की दोघांचाही वेग निम्मा न होता कित्येक पटींनी कोसळतो. रिसोर्स मॉनिटरमध्ये बहुतेक वेळा सापडणारी नावे म्हणजे अँटिव्हायरस, विंडोजचा शोध-निर्देशांक, अपडेट, क्लाउडशी फाइली जुळवणारे प्रोग्राम आणि मागे चालू असलेले डाउनलोड. अँटिव्हायरसमध्ये खेळांच्या प्रतिमा-फाइलींचे (तबकडीच्या पूर्ण नकलांचे) आणि शेडर-साठ्याचे फोल्डर वगळावे. पण जिथे इंटरनेटवरून आलेले प्रोग्राम उतरतात, ते फोल्डर कधीही वगळू नये. शोध-निर्देशांकातूनही खेळांचे फोल्डर काढून टाकावे, तिथे शोधण्यासारखे काही नसते.

एम्युलेटर स्वतःही दोषी असू शकतो. एखादी अडचण शोधण्यासाठी कधीतरी सविस्तर लॉग चालू केलेला असतो आणि तो बंद करायचा राहून जातो. मग दर सेकंदाला शेकडो ओळी डिस्कवर लिहिल्या जात राहतात. अनेक एम्युलेटर एकत्र चालवणाऱ्या रेट्रोआर्चमध्ये सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल, म्हणजे खेळाची प्रगती आपोआप डिस्कवर लिहिण्यामधला अवधी, फार लहान ठेवला, तर ठराविक अंतराने, घड्याळाच्या ठोक्यासारखे झटके येतात. इतके नियमित झटके आले, की खेळातील जागेकडे न पाहता वेळेकडे पाहावे. खेळाचे चित्रीकरण करत असाल, तर ते खेळाच्याच डिस्कवर कधीही साठवू नये.

रॅम अपुरी असणे हे याच वर्गातले, पण अधिक घातक कारण आहे. रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टम तिचा काही भाग पेजफाइलमध्ये, म्हणजे पुन्हा डिस्कवर ढकलते, आणि ती पेजफाइल फिरत्या डिस्कवर असेल, तर एम्युलेटरचीच मेमरी परत आणण्यासाठी खेळ थांबतो. आठ जीबी रॅमच्या संगणकात ब्राउझरची वीस पाने उघडी ठेवून प्लेस्टेशन-३ चा खेळ चालवणे म्हणजे हे संकट ओढवून घेणे होय.

खेळच रॅममध्ये घ्यावा

कारण डिस्कचे विखुरलेले वाचन आहे आणि रॅम पुरेशी आहे, असे ठरले, तर सर्वांत खात्रीचा विनाखर्च उपाय हाच. डकस्टेशनमध्ये प्रीलोड इमेज टू रॅम, पीसीएसएक्स-२ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये सीडीव्हीडी प्रीकॅशिंग, पीएसपीच्या पीपीएसएसपीपीमध्ये कॅश फुल आयएसओ इन रॅम, आणि रेट्रोआर्चमधील बीटल पीएसएक्स या पहिल्या प्लेस्टेशनच्या कोअरमध्ये (त्यात बसवलेल्या एम्युलेटरमध्ये) सीडी ॲक्सेस मेथड या सेटिंगखाली प्री-कॅश असा पर्याय आहे. सुमारे ७०० एमबीची सीडी सलग वाचायला सहा-सात सेकंद लागतात, ४.७ जीबीची डीव्हीडी सेकंदाला १२० एमबीच्या वेगाने सुमारे ४० सेकंदांत रॅममध्ये येते. एवढा वेळ सुरुवातीला एकदाच दिला, की त्यानंतर पूर्ण खेळ डिस्कला हात न लावता चालतो. मोकळी रॅम मात्र फाइलीच्या आकाराहून किमान दोन-तीन जीबी अधिक असावी, अन्यथा वर सांगितलेल्या पेजफाइलच्या फेऱ्यात पडाल.

रॅम कमी असेल, तर डकस्टेशनमधील असिंक्रोनस रीडअहेड किंवा बीटलमधील असिंक्रोनस पद्धत निवडावी; ती संपूर्ण फाइल न घेता पुढचा थोडा भाग आधीच वाचून ठेवते.

असा पर्यायच नसलेल्या एम्युलेटरसाठी एक युक्ती आहे. खेळ सुरू करण्याआधी त्याची फाइल एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घ्यावी, म्हणजे रॅम मोकळी असल्यास ऑपरेटिंग सिस्टम तिची प्रत आपोआप धरून ठेवते. वाचायला कोणतेही निमित्त चालते. डॉल्फिनमध्ये खेळाच्या प्रॉपर्टीजमध्ये व्हेरिफाय नावाचा विभाग आहे. तो संपूर्ण फाइल वाचून तिची शुद्धता तपासतो, आणि तपासणीबरोबर आपले कामही होते. लिनक्सवर व्हीएमटच हे साधन नेमके यासाठीच आहे. ही प्रत कायमची नसते. दुसऱ्या कामाला रॅम लागली की ती सोडली जाते.

फाइलीचे स्वरूप बदलूनही फायदा होतो. सीएचडी आणि डॉल्फिनचे आरव्हीझेड ही दाबलेली स्वरूपे डिस्कवर कमी जागा घेतात, म्हणजे वाचायचे अंतरही घटते, आणि आजच्या प्रोसेसरला ती उलगडणे जड जात नाही. सीडीच्या खेळात ध्वनीच्या वीस-तीस स्वतंत्र फाइली असतील, तर सीएचडीमुळे त्या एकाच फाइलीत येतात, हा मला त्याचा अधिक मोठा लाभ वाटतो. झिपमध्ये ठेवलेला तबकडीचा खेळ मात्र टाळावा.

उरलेले बारीक झटके ध्वनीत अधिक जाणवतात. ऑडिओ बफर ५० मिलिसेकंदांवरून १०० ते १५० केला, तर एक-दोन फ्रेमच्या उशिराने आवाज तुटत नाही. बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ तेवढा वाढतो, आणि तालावर खेळायच्या खेळांत ते सहन होणारे नाही.

टेक्स्चर पॅक

बाहेरून आणलेले उच्च दर्जाचे टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांवरील चित्रे) पॅक म्हणजे हजारो सुट्या फाइली, आणि हार्ड डिस्कसाठी याहून वाईट परिस्थिती क्वचितच असते. मूळ खेळ सुरळीत चालतो आणि पॅक लावताच अडखळतो, एवढे दिसले की पुढे शोधण्याची गरज नाही. डॉल्फिनमध्ये प्रीफेच कस्टम टेक्स्चर्स आणि पीसीएसएक्स-२ मध्ये प्रीकॅश टेक्स्चर्स हे पर्याय सर्व टेक्स्चर सुरुवातीलाच रॅममध्ये घेतात. मोठ्या पॅकला त्यासाठी अनेक जीबी लागतात. रॅम तेवढी नसेल, तर पीसीएसएक्स-२ मधील असिंक्रोनस टेक्स्चर लोडिंग चालू ठेवावे. मग टेक्स्चर क्षणभर उशिरा उमटते, पण खेळ थांबत नाही.

डिस्कची मांडणी

तुकड्या-तुकड्यांनी डाउनलोड झालेली किंवा जवळपास भरलेल्या डिस्कवर लिहिलेली मोठी फाइल शेकडो ठिकाणी विखुरलेली असू शकते. विंडोजचे डीफ्रॅगमेंट हे साधन ६४ एमबीहून मोठ्या तुकड्यांची दखल घेत नाही, म्हणून ते शून्य टक्के दाखवत असले तरी फाइल अखंड असतेच असे नाही. अर्थात एवढ्या मोठ्या तुकड्यांनी फारसे बिघडतही नाही. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे डिस्कवर १५ ते २० टक्के जागा मोकळी करून फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवावी आणि परत आणावी. एसएसडीवर यातले काहीही करू नये.

बाहेरची डिस्क असेल, तर ती कोणत्या पोर्टला जोडली आहे ते पाहावे. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबीच मिळतात; निळ्या यूएसबी ३.० पोर्टला, मध्ये हब न ठेवता जोडावी. शिंगल्ड पद्धतीच्या, म्हणजे एकमेकांवर किंचित चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या डिस्कवर मोठ्या फाइली उतरवल्यानंतर डिस्क बराच वेळ आतल्या आत मांडणी करत राहते; त्या काळात खेळ लावू नये.

एसएसडी लहान असेल, तर त्यावर काय ठेवावे

सर्व संग्रह एसएसडीवर हलवणे प्रत्येकाला शक्य नसते आणि त्याची गरजही नाही. साध्या साटा एसएसडीवर विखुरलेले वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होते. या प्रश्नापुरता तेवढा फरक पुरेसा आहे आणि त्याहून वेगवान एनव्हीएमई एसएसडी घेऊन खेळात आणखी काही जाणवणार नाही. एसएसडीवर प्रथम ऑपरेटिंग सिस्टम आणि पेजफाइल असावी, मग एम्युलेटर आणि त्याचे शेडर-साठे, मग टेक्स्चर पॅक, आणि जागा उरली तर सध्या खेळत असलेला एखादा मोठा खेळ. प्लेस्टेशन-३ चा एम्युलेटर आरपीसीएस-३ या बाबतीत वेगळा आहे. प्लेस्टेशन-३ मध्ये मुळातच अडीच इंची हार्ड डिस्क होती, त्याचे खेळ असंख्य सुट्या फाइलींचे असतात आणि एम्युलेटर त्यांच्यासाठी तयार केलेला कोडही डिस्कवर साठवतो. त्याचे आभासी हार्ड डिस्कचे फोल्डर एसएसडीवरच हवे. काडतुसांचे खेळ, चित्रफिती आणि खेळून संपलेल्या तबकड्या हार्ड डिस्कवर निर्धास्त राहू द्याव्यात.

बहुतेक एम्युलेटरांत साठ्याचे आणि खेळांचे मार्ग वेगवेगळे देता येतात. एखाद्यात ती सोय नसेल, तर ते फोल्डर एसएसडीवर हलवून जुन्या जागी नव्या जागेकडे बोट दाखवणारे विंडोजचे जंक्शन किंवा लिनक्सचा सिम्बॉलिक लिंक ठेवावा. एम्युलेटरला फरक कळत नाही. हलवण्यापूर्वी एम्युलेटर पूर्ण बंद असावा आणि मेमरी कार्डांच्या फाइलींची एक प्रत वेगळी ठेवलेली असावी.

प्रत्येक बदलानंतर एकच चाचणी घ्यावी : संगणक रीस्टार्ट, दहा मिनिटे विश्रांती, आणि सुरुवातीला जतन केलेल्या त्याच जागेवरून तोच रस्ता. एका वेळी दोन सेटिंग बदलली, तर गुण कशाने आला ते कळत नाही, आणि पुढच्या खेळात तोच शोध पुन्हा करावा लागतो.